बटणांचं हवाई दल

कुंडीत तुळस लावायची तर माती आणा, खत घाला, आणि तरी ती जगेल याची खात्री नाही. पिंपळ मात्र कुणी न लावता गॅलरीच्या कोपऱ्यात उगवतो. किस्स्यांचं तसंच आहे. आम्ही चौघं गेली तीन वर्षं दर रविवारी सकाळी पार्ल्यात एका जेवणाच्या टेबलाभोवती जमतो, ते इतिहास समजून घ्यायला. इतिहास किती समजला ते देव जाणे, पण रविवारी दुपारी मी मुलुंडला घरी पोचलो की बायको दारातच विचारते, "आज काय झालं?" कारण काहीतरी झालेलंच असतं.

आधी आम्ही नेमकं काय करतो ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल रमी खेळतो.

टेबल करंदीकर सरांचं. सर आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. एकदा गप्पांत ते म्हणाले, की दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा इंग्रजांच्या हाताखालचं आपलं हवाई दल म्हणजे जेमतेम एक स्क्वाड्रन होती. डझनभर विमानांची तुकडी, तीही जुन्या, दुपंखी, कापड ताणून बसवलेल्या विमानांची. एवढा मोठा देश आणि एक स्क्वाड्रन! समजा, त्याच्या आधीच्या चार-पाच वर्षांत सरकारने ते दल वाढवायला घेतलं असतं, तर?

या "तर"ला आता तीन वर्षं झाली. टेबलावर जुना नकाशा असतो. नकाशावर बटणं असतात, एक बटण म्हणजे एक स्क्वाड्रन. डाव पुढे सरकला तर एक रविवार म्हणजे तेव्हाचे तीन महिने; बहुतेक रविवारी वादातच तो सरकत नाही. सर गोरं सरकार होतात आणि हुकूम काढतात. विमानं दुरुस्त ठेवायची ती तावड्यांनी. परदेशातून माल आणायचा तो मीनलने. आणि विमानतळ बांधायचे मी, कारण मी पालिकेच्या पाण्याच्या खात्यात इंजिनियर आहे आणि सरांच्या मते "जमीन खोदणाऱ्याला जमीन कळते." हा समज किती खरा ते पुढे येईलच.

*

तावडे मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते. हे मात्र तीस वर्षं अंधेरीला विमानांच्या हँगरमध्ये मेकॅनिक. बोलतात आपल्यासारखंच, पण विषय जिवाला लागला की मालवणी सुरू होते.

पहिल्याच रविवारी मी जोशात होतो. नकाशावर धडाधड दहा बटणं मांडली. पेशावर, कराची, मद्रास, कलकत्ता. सर खूश. मीनलने टाळी वाजवली. तावडे एकेक बटण मोजत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "ह्या इंजिनांक हात लावतलो कोण?"

सर म्हणाले, मेकॅनिक लावतील. तावडे म्हणाले, कुठले? दहा स्क्वाड्रनना लागतील तेवढे मेकॅनिक या देशात आहेत कुठे? त्यांनी माझी दहाच्या दहा बटणं शांतपणे उचलली आणि डब्यात परत टाकली. मग स्वतःच एक बटण अंबाल्याला ठेवलं आणि म्हणाले, ही शाळा. इथे आधी मुलं शिकतील.

त्यानंतर चार रविवार, म्हणजे पूर्ण एक वर्ष, आमच्या हवाई दलाचं एकही विमान उडालं नाही. तावडे फक्त मुलांना शिकवत होते. सर सरकार असल्यामुळे चिडले. युद्ध तोंडावर आलंय, जर्मनी शस्त्रं जमवतेय, आणि तुम्ही शाळा काय चालवताय?

तावड्यांनी चहाचा घोट घेतला. "लढाई येतली तेव्हा येतली. आधी पोरांका पानो धरूक शिकूंदे."

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे. मेकॅनिकची सही नसेल तर कुठलंही बटण जागचं हलत नाही. सरकारलासुद्धा हलवता येत नाही.

*

आता माझं ऐका. लपवण्यात अर्थ नाही, कारण मी नाही सांगितलं तर मीनल सांगेल.

मुंबईच्या रक्षणासाठी एक विमानतळ हवा होता. मी नकाशा पाहिला आणि बोट ठेवलं मानखुर्दवर. सपाट जागा, वस्ती नाही, समुद्र जवळ. सरांनी मंजुरी दिली. मी धावपट्टी आखली, पेट्रोलच्या टाक्यांची जागा ठरवली, मुलांच्या बराकी मांडल्या. दोन रविवार त्यात गेले.

मग मीनलने एक साधा प्रश्न विचारला. भरतीच्या वेळी यातलं किती दिसतं?

मी म्हटलं, जाऊन बघू. तावड्यांच्या गाडीतून आम्ही चौघं मानखुर्दला गेलो. गाडी लावून बरंच चाललो आणि खाडीच्या कडेला जाऊन उभे राहिलो. समोर काळा चिखल, तिवरं आणि एक पांढरा बगळा. माझी धावपट्टी साधारण त्या बगळ्यापासून सुरू होत होती.

एक म्हातारे कोळी जाळं आवरत होते. चार माणसं एवढं काय बघतायत म्हणून त्यांनी विचारलं. तावडे गंभीर चेहऱ्याने म्हणाले, इथे विमानतळ करायचाय. त्यांनी विचारलं, कधी? सर शिक्षक, त्यांना खोटं बोलवत नाही. ते म्हणाले, "नव्वद वर्षांपूर्वी."

मला वाटलं, आता हा माणूस आम्हाला वेड्यात काढणार. पण त्यांनी खरोखर विचार केला. चिखलाकडे पाहिलं, मागे रस्त्याकडे पाहिलं, आणि आम्ही गाडी लावली होती तिकडे हात करून म्हणाले, "तेव्हा पाणी तिथपर्यंत यायचं."

सव्वीस वर्षं मी लोकांना पाण्याचा निचरा कसा करावा ते सांगतोय. आमच्या दलाची पहिली बुडालेली गोष्ट जहाज नव्हतं, विमानतळ होता.

*

मीनल घाटकोपरला राहते आणि अंधेरीच्या एका ऑफिसात काम करते. परदेशातून आलेला माल बंदरातून सोडवायचा, त्याची कागदपत्रं करायची, हे तिचं रोजचं काम. आमच्यात ती सगळ्यात लहान, म्हणजे चाळिशीची. सर तिचे एकेकाळचे शिक्षक, त्यामुळे ती त्यांच्या शब्दाबाहेर नाही असं सरांना वाटायचं.

सरांनी विलायतेतून इंजिनं मागवली. दोन जहाजं भरून माल आला. तावडे तयार, माझे उरलेले विमानतळ कोरडे. मीनलने कागद मागितले. सरांनी हौसेने दोन पत्रं लिहून आणली होती, एक विलायतेच्या सरकारला, एक बंदराला. मीनलने दोन्ही वाचली आणि खाली ठेवली. एका पत्रात "इंजिनं" लिहिलंय, दुसऱ्यात "यंत्रसामग्री". वर्णन जुळत नाही. माल सुटणार नाही.

सरांना वाटलं, गंमत करतेय. पुढच्या रविवारी त्यांनी दुरुस्त पत्र आणलं, त्यात जहाजाचं नाव चुकलं. त्याच्या पुढच्या रविवारी नाव बरोबर होतं, सही राहिली होती. असे तीन रविवार, म्हणजे नऊ महिने, आमची इंजिनं बंदरात पडून. शेवटी सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वर्गात ते असं करायचे तेव्हा सगळी मुलं गप्प व्हायची.

"मीनल, मी सरकार आहे."

"सर, सगळ्यात जास्त माल सरकारचाच अडकतो," ती म्हणाली. आणि तिने पत्र परत त्यांच्याकडे सरकवलं.

*

सरांच्या पत्नी नलूताई खेळात नाहीत. त्यांचं म्हणणं, एका घरात एकच लढाई पुरे. पण टेबल त्यांचं, चहा त्यांचा आणि बटणंही त्यांचीच. शिवणाच्या डब्यातली.

एका रविवारी आम्ही जमलो तर पेशावरची स्क्वाड्रन गायब. मोठं, तपकिरी, चार भोकांचं बटण. टेबलाखाली पाहिलं, गालिचा झटकला. सरांनी गंभीरपणे चौकशी सुरू केली. शेवटचं कुणी पाहिलं, कुठे पाहिलं. मीनल म्हणाली, शत्रूने पाडलं असेल. सर म्हणाले, शत्रू अजून आलाच नाहीये.

तावडे मात्र सरांकडेच बघत होते. बराच वेळ बघून हळूच म्हणाले, "सर, तुमची पेशावरची स्क्वाड्रन तुमच्या पोटार आसा."

सरांनी खाली पाहिलं. आदल्या दिवशी एका लग्नाला जाताना शर्टाचं बटण तुटलं होतं आणि नलूताईंनी घाईघाईत डब्यातलं हाताला आलं ते लावलं होतं. म्हणजे आमची एक स्क्वाड्रन लग्नाला जाऊन, श्रीखंड खाऊन आली होती.

सरांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून निषेध नोंदवला. आतून उत्तर आलं, "हवाई दल खोटंच आहे ना? शर्ट खरा आहे."

पेशावरला आम्ही एक शेंगदाणा ठेवला. सर बोलता बोलता तोही खाऊन गेले.

*

सगळं असं हसण्यावारीच चालतं असं मात्र समजू नका. एकदा मंडळ मोडायची वेळ आली होती.

आमचं दल चांगलं वाढलं होतं. सहा स्क्वाड्रन, त्यांना पुरतील एवढे मेकॅनिक, कोरडे विमानतळ. मीनलला तर त्याचा फार अभिमान. आणि त्या रविवारी सरांनी सरकार म्हणून हुकूम वाचला. वायव्य सरहद्दीवरच्या डोंगरात काही गावं सरकारला जुमानत नाहीत. दोन स्क्वाड्रननी जाऊन त्यांच्यावर बाँब टाकावेत.

मीनलला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. सरांनी पुन्हा वाचलं. ती म्हणाली, हे कुठून काढलंत? सर म्हणाले, काढलं नाही. तेव्हाचं सरकार विमानं याच कामाला वापरत होतं. दल मोठं झालं असतं तर हे कामही मोठं झालं असतं.

मीनलचा आवाज चढला. आम्ही दोन वर्षं यासाठी राबलो का? सर एरवी तिच्याशी जपून बोलतात, त्या दिवशी जपलं नाही. "विमान आपलं आहे असं तू धरून चाललीस. कुणाच्या हातात देतोय ते विसरलीस."

ती पर्स उचलून गेली. पुढचे दोन रविवार आली नाही. फोन उचलला नाही. आम्ही तिघं टेबलाभोवती बसायचो, चहा प्यायचो, बटणांना हात लावायचो नाही. नलूताईंनीसुद्धा चौथा कप आणून ठेवला, आणि तसाच परत नेला.

तिसऱ्या रविवारी सर आम्हाला न सांगता घाटकोपरला गेले. तिच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. सरांचा उजवा गुडघा कामातून गेलेला आहे, तरी ते चार मजले चढले. मीनलने नंतर सांगितलं, दार उघडलं तर सर भिंतीला टेकून उभे, बोलायला श्वास नाही. तिने त्यांना बसवलं, पाणी दिलं. सर म्हणाले, सरकार काय करेल ते मी सांगितलं, ते मला बदलता येत नाही. पण हुकूम मिळाल्यावर काय करायचं, तो डाव तुमचा आहे. तो न खेळता तू उठलीस, एवढंच मला लागलं.

ती आली. नकाशा उघडला. सरांनी तोच हुकूम तिसऱ्यांदा वाचला. मी तावड्यांना म्हटलं, विमानं नादुरुस्त आहेत असं लिहा, संपलं. मीनलही तेच म्हणाली.

तावड्यांनी वही पुढे ओढली, पेन उघडलं आणि थांबले. त्यांनी तीस वर्षं हँगरमध्ये सह्या केल्या. बिघडलेल्या विमानाला चांगलं म्हटलं नाही आणि चांगल्याला बिघडलेलं म्हटलं नाही. आता खेळातसुद्धा त्यांच्याच्याने ते होईना. आम्ही तिघं त्यांच्या हाताकडे बघत राहिलो.

शेवटी त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि वही मिटली.

सरकारने विचारलं, सही का नाही?

"इंजिनां बरी आसत, सायब," तावडे म्हणाले. "माका बरा नाय."

त्या दिवशी आमच्या हवाई दलाचा एकूण एक मेकॅनिक आजारी पडला. सर सरकार होते, त्यांनी रागवायला हवं होतं. ते उठून आत गेले आणि नळाखाली तोंड धुऊन आले.

*

त्यानंतर थोडा बदल हवा म्हणून तावड्यांनी एक खरं विमान बनवलं. खरं म्हणजे हातभर लांबीचं. बांबूच्या कामट्या, जुनी मलमल, रबराच्या पिळावर फिरणारा पंखा. दुपंखी, अगदी त्या काळातलं. मलमल ताठ राहावी म्हणून तिला त्यांनी तांदळाच्या पेजेची खळ दिली होती.

ते उडवायला आम्ही आरे कॉलनीत गेलो. एक उतार बघून तावड्यांनी ते हातातून सोडलं, आणि खरंच, काय उडालं ते! झाडाच्या शेंड्याला वळसा घातला, वाऱ्यावर चढलं, आणि आम्ही चौघं चाळिशी ते सत्तरीची माणसं त्याच्या मागे पळत सुटलो. सर गुडघा विसरले होते.

विमान एका तबेल्यात उतरलं. आम्ही धापा टाकत पोचलो तेव्हा एका म्हशीच्या तोंडात वरचा उजवा पंख होता. डावा आधीच आत गेला होता. तबेल्यातल्या माणसाने मोठ्या मिनतवारीने सांगाडा सोडवून दिला आणि वर आम्हालाच विचारलं, म्हशीला काही होणार नाही ना?

तावड्यांनी तिथेच उभं राहून रीतसर अपघाताची चौकशी केली. कारण निघालं, पेज. म्हशीला तिचा वास आला होता.

मीनलने सांगाडा हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिला. "तावडेकाका, हे आधी सांगायचं ना. खाद्यपदार्थ म्हणून केव्हाच सोडवून आणली असती मी तुमची विमानं."

*

आता शेवटचा किस्सा. हा मी फार कुणाला सांगत नाही.

आमच्या खेळात युद्ध तोंडाशी आलं होतं. विमानं होती, मेकॅनिक होते, आता पायलट हवे होते. सरांनी भरतीचे फॉर्म तयार केले. नाव, वय, उंची, शिक्षण, खाली शेरा, पात्र किंवा अपात्र. आम्ही ओळखीतल्यांची नावं भरत होतो. माझा मेहुणा पात्र झाला, सोसायटीचे सेक्रेटरी वजनावरून अपात्र झाले. हशा चालला होता.

त्या दिवशी नलूताईंकडे शेजारच्या इमारतीतल्या इंदूआजी आल्या होत्या. नव्वदी पार केलेल्या, पण कान तिखट. त्या खुर्ची ओढून आमच्या टेबलाशी येऊन बसल्या आणि विचारलं, मुलं घेताय का?

सर उत्साहाने सांगायला लागले. तेव्हा खरं म्हणजे फार थोडी मुलं घेतली, आजी. जागाच नव्हत्या. आम्ही त्याच्या कितीतरी पट घेणार आहोत.

आजी म्हणाल्या, त्या थोड्यांत माझा दादा होता.

नलूताई ट्रे घेऊन दारात उभ्या राहिल्या. चाळीस वर्षांचा शेजार, पण आजींना भाऊ होता हे त्यांनाही माहीत नव्हतं. आजींनी सांगितलं ते थोडक्यातच. दादा कॉलेज सोडून गेला. एकदा रजेवर आला तेव्हा त्याने आजींना आपली टोपी घालायला दिली होती, ती नाकापर्यंत आली. मग तार आली. आजी तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. आई अंगणात पापड वाळत घालत होती आणि तिने तार हातात घेतलीच नाही, पापड पुरे होईपर्यंत घेतली नाही.

मग आजींनी सरांपुढच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवलं. त्याचाही एक भरा.

सरांनी कोरा फॉर्म घेतला. आजी सांगत गेल्या, सर लिहीत गेले. नाव. वय, एकोणीस. उंची त्यांनी हात वर करून दाखवली, तावड्यांनी अंदाजाने सांगितली. इंटर सायन्स. पोहता येतं. सायकल हात सोडून चालवतो. सरांनी तेही लिहिलं. खाली शेऱ्याच्या जागी येऊन त्यांनी "पा" लिहिलं.

आजींनी हात पुढे करून त्यांचं मनगट धरलं. "नापास करा."

सरांनी "पा"च्या आधी "अ" घातला आणि शब्द पुरा केला. पण आमच्या फॉर्मवर कारण लिहावं लागतं, नाहीतर मीनल स्वीकारत नाही. मीनल घाईने म्हणाली, राहू दे सर, कारण नको. आजी म्हणाल्या, नियम असेल तर लिहा.

मी सुचवलं, डोळे लिहू. दृष्टी कमी.

"डोळे चांगले होते त्याचे," आजी म्हणाल्या.

तावडे म्हणाले, छाती? आजींनी मान हलवली. पायही ठीक होते. दात ठीक होते. त्याला काहीच झालेलं नव्हतं. सर पेन धरून थांबले होते.

आजींनी पदर सारखा केला आणि खिडकीतून बाहेर बघितलं.

"लिहा, घरी काम आहे."